मागची सीट

शेवटचा रिव्हेट बसला आणि लिफ्टवाल्याच्या लक्षात आलं की बायको आत राहिली.

विमान पूर्ण झालं होतं. नाकापासून शेपटीपर्यंत कुठे फट म्हणून नव्हती. फट असती तर बायको त्यातून बाहेर आली असती.

चूक दोघांचीही नव्हती, सवयीची होती. पत्रे जोडणारे रिव्हेट ठोकायला दोघं लागतात. एकाने बाहेरून ठोकायचं, दुसऱ्याने आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. अंगाने बारीक म्हणून बायको पहिल्या पत्र्यापासून आत. शेवटच्या पत्र्यासाठी एकाच बाजूने बसणारे वेगळे रिव्हेट असतात, ते त्याने आणूनही ठेवले होते. पण ती आतून ‘ठोक’ म्हणाली आणि त्याने ठोकलं. संसार असाच चालतो.

“झालं का?” शेपटीतून आवाज आला.

“झालं.”

“मग काढ मला.”

बंद पडलेल्या लिफ्टमधल्या माणसांशी बोलणं हा त्याच्या रोजच्या कामाचाच भाग होता. त्याने तोच आवाज लावला. “घाबरू नका. शांत उभे राहा. मदत येत आहे.”

“मी तुझी बायको आहे रे. आणि आडवी आहे.”

“हो. मग शांत आडवी राहा.”

“पत्रा उचकट.”

“अगं, तपासणीचे साहेब निघालेत. आज त्यांनी पास केलं नाही तर पुन्हा कधी उगवतील देव जाणे. थोडी कळ काढ.”

“मग माझ्या सीटची पाठ उघड, पुढून येते मी. समोरच तर आहे.” तिने समोरच्या पत्र्यावर ठोकळा आपटला. टण्ण. “एवढी पोकळ कशी वाजते ही?”

“हलकी बनवलीय,” तो म्हणाला.

ती सीटची पाठ नव्हती, पेट्रोलची टाकी होती. समुद्रापर्यंत जायचं तर पंखातली छोटी टाकी पुरत नव्हती. म्हणून त्याने मागची सीट काढून तिथे मोठी टाकी बसवली होती आणि वरून चादर टाकली होती. बायकोला सांगितलं होतं, तुझ्या सीटची गादी शिवायला दिलीय. उड्डाण रविवारी होतं. रविवारसाठी तिने गॉगल घेतला होता आणि सगळ्या मैत्रिणींना गच्चीवर उभं राहायला सांगितलं होतं.

त्याची आई चहा घेऊन आली. “सूनबाई कुठाय?”

“विमानात.”

आईने आधी आभाळाकडे पाहिलं, मग विमानाकडे. मग घरात जाऊन स्ट्रॉ घेऊन आली. शेपटीजवळ सुकाणूची तार बाहेर येते त्या बारीक भोकातून तिने स्ट्रॉ आत सरकवला आणि बाहेरच्या टोकाखाली कप धरला. “गरम आहे गं, फुंकून पी.”

“स्ट्रॉने कसं फुंकू, आई?”

तेवढ्यात साहेब आले. त्यांनी पंख हलवून पाहिले, चाकांना पाय लावून पाहिला, शेपटीवर बोटाने टकटक केलं. आतून काही आवाज आला नाही. विमानाच्या दृष्टीने हे चांगलं असतं. मग त्यांनी चादर उचलली.

“वा! चांगली मोठी टाकी आहे. समुद्रापर्यंत आरामात जाल.”

“हळू बोला,” लिफ्टवाला म्हणाला.

“म्हणजे सीट एकच.”

“किती?” शेपटीने विचारलं.

साहेब सावकाश वळले. लिफ्टवाला म्हणाला, “एकच.” नेमकं कुणाला म्हणाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

आईने खुर्ची ओढली आणि नीट बसून घेतलं.

“आत कोण आहे?”

“बायको.”

साहेबांनी मान डोलावली. नोकरीत त्यांनी बरंच पाहिलं असावं. “पत्रा काढावा लागेल. मग आज पास होणार नाही.”

लिफ्टवाल्याने ड्रिल उचललं आणि शेवटच्या रिव्हेटवर टेकवलं.

“पत्र्याला हात लावायचा नाही,” आतून आवाज आला. “तो मी धरून बसवलाय. सगळेच मी धरून बसवलेत.”

“मग बाहेर कशी येणार?”

“पुढून. माझ्या सीटवरून.”

“तिथे टाकी आहे गं.”

“मग मला घाई नाही.”

त्याने ड्रिल खाली घेतलं. “साहेब, टाकी काढून सीट बसवली तर?”

साहेबांनी विमानाचा नकाशा पाहिला. “मुळात दोघांचंच आहे की हे. पास होईल. पण जाल नदीपर्यंतच.”

“आणि परत?”

“वेळेवर वळलात तर.”

तो टाकीकडे बघत राहिला. रोज माणसांना वर नेऊन पुन्हा खाली आणणाऱ्या त्या माणसाला एकदाच लांब जायचं होतं, सरळ, जिथे पाणी संपत नाही तिथपर्यंत.

“नदीला काय धाड भरलीय?” आई म्हणाली.

त्याने पाना घेतला. टाकी रिकामीच होती, बोल्ट मुकाट्याने सुटले. साहेबांनी कोट काढला आणि एका बाजूने धरलं. दोघांनी मिळून टाकी खाली उतरवली.

अंधारातून आधी ठोकळा बाहेर आला, मग दोन हात, मग बायको. केसांत धातूचा कीस, गालावर रिव्हेटचा ठसा. त्याने हात पुढे केला. तिने तो पाहिला, पण खाली उतरली नाही. टाकीच्या जागी नुसत्या पत्र्यावर तिने बैठक मारली, पदर खोचला आणि सरळ समोर बघू लागली.

“काय दिसतंय?” त्याने जपून विचारलं.

“तुझी सीट,” ती म्हणाली. “ती आधी पुढे सरकव.”