दिव्यांशिवायचा कीबोर्ड

"नातवासाठी का, काकू?" दुकानदाराने रंगीत दिवे लुकलुकणारा कीबोर्ड पुढे सरकवला.

"नाही हो, मलाच हवाय. गेम खेळायला." किंमत ऐकून काकूंनी तो हळूच मागे सारला. "यातले दिवे काढले, तर स्वस्तात बसेल का?"

दुकानदाराला हसू आवरेना. त्याने कोपऱ्यातला एक साधा पण दणकट कीबोर्ड काढून दिला.

परगावी नोकरीला असलेला काकूंचा मुलगा फोनवर "जेवलीस ना? बरी आहेस ना? ठेवतो मग," एवढंच बोलायचा. पण सुट्टीत घरी आला, की गेममधल्या अनोळखी लोकांशी तासन्‌तास गप्पा मारायचा. ते त्यांनी दारात उभं राहून कितीदा तरी ऐकलं होतं.

हात बसायला बरेच दिवस गेले. मग एका संध्याकाळी, भलतंच नाव घेऊन, काकू मुलाच्या टीममध्ये शिरल्या.

"नवीन दिसतोस. घाबरू नकोस, माझ्या मागे राहा," पडद्यावर त्याचा मेसेज आला. चष्मा पुसून काकू त्याच्या मागे मागे पळत राहिल्या.

मग रोजच खेळ रंगू लागला, खेळ संपल्यावर गप्पाही. एकदा त्याने सहज विचारलं, "रोज इतका वेळ असतोस इथे. घरी बोलायला कुणी नाही का रे तुला?"

काकूंनी कीबोर्ड जवळ ओढला. मग त्यांनी लिहिलं,



"मुलगा आहे ना. पण त्याला वेळ नसतो."