तिसऱ्या मजल्यावरची पाहणी

अध्यक्षांनी भिंतीवर पेनानं टकटक केलं आणि कान लावला. मग दुसऱ्या भिंतीवर. वारसा जतन समितीचे अध्यक्ष स्वतः जिना चढून आले होते, कारण कुणीतरी निनावी अर्ज केला होता. तिसऱ्या मजल्यावर चोरून संडास बांधलाय म्हणे.

सून शिवणयंत्रापाशी उभी होती. तिचा सगळा जीव कोपऱ्यातल्या कपाटाकडे लागला होता. त्या कपाटाला पाठ नव्हती आणि तळही नव्हता. कपडे बाजूला सारले की मागे जुन्या मोठ्या चुलीचा कोनाडा होता, माणूस आत आरामात बसेल एवढा. तिथंच संडास बसवला होता. शेजारून खालच्या मजल्यांचं बंद पडलेलं धुराडं जात होतं, पाइप त्यातून थेट खाली सोडला होता. रस्त्यावरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. पर्यटक ज्या भिंतीचे फोटो काढतात, तिचा कपचाही उडाला नव्हता.

तिनं आधी रीतसर तीन अर्ज केले होते. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं. इमारतीच्या मूळ स्वरूपाला बाधा येते. समोरच्या तेवढ्याच जुन्या इमारतीत हॉटेल झालं. अकरा खोल्या, अकरा संडास, परवानगी महिन्याभरात. फीत कापायला हेच अध्यक्ष होते. शी! बोलायचीसुद्धा किळस येते.

इथं मात्र चार बिऱ्हाडांत मिळून एक संडास, तोही खाली अंगणात. पहाटे तिकडे जाताना तिचे सासरे, अण्णा, जिन्यावरून घसरले आणि त्यांचा खुबा मोडला. जन्मभर लोकांच्या दाढ्या केलेला ताठ माणूस अंथरुणाला खिळला. तेरा महिने सून भांडं देत होती. भांडं देताना-घेताना दोघंही खिडकीकडे बघत. लाजेपायी अण्णांनी जेवण अर्ध्यावर आणलं, संध्याकाळचा चहा सोडला. भांड्याची वेळच येऊ नये म्हणून माणूस उपाशी राहायला लागला. कपाटामागची सोय झाल्यापासून ते काठी टेकत सहा पावलं जात होते. काल रात्री तर त्यांनी पुन्हा वाढायला सांगितलं होतं.

"या रस्त्याचा दगड न् दगड बोलतो, बाई," अध्यक्ष म्हणाले.

"दगडाला जिना उतरावा लागत नाही ना, साहेब."

अध्यक्षांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. अण्णा पडले होते त्या पलंगाखाली त्यांनी वाकून पाहिलं, मोरीत डोकावून पाहिलं. कपाटही उघडलं. आत कोट टांगलेले दिसले, तसं लावून घेतलं. सुनेनं श्वास सोडला. अध्यक्षांनी फाइल काखेत मारली, "लोकांना काही कामधंदे नाहीत," असं पुटपुटले आणि निघाले.

दारात ते थांबले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी एक पाय दुसऱ्यावर दाबून धरला.

"तुमची ती... खालची सोय कुठं आहे हो?"

"बावन्न पायऱ्या उतरायच्या, मग अंगणात डावीकडे," सून अगदी गोड आवाजात म्हणाली. "रिकामं असलं तर नशीब तुमचं."

अध्यक्षांनी चौकट घट्ट धरली. एक पाऊल टाकलं आणि परत घेतलं. सुनेला मनातून बरं वाटलं. का वाटू नये?

पण अण्णांनी चाळीस वर्षं माणसांचे चेहरे हातात धरले होते. खुर्चीतला माणूस कशानं चुळबुळतोय, हे त्यांना माणसाच्या आधी कळायचं.

"सूनबाई, कपाट उघड."

"अण्णा, गप्प बसा बरं!"

"अगं, त्याला बावन्न पायऱ्या जमायच्या नाहीत. माझी काय दशा झाली होती, विसरलीस? उघड."

ती हलली नाही. तेव्हा अण्णांनी पांघरूण भिरकावलं आणि ते स्वतःच काठी चाचपायला लागले. ते पडतील या भीतीनं ती पुढं झाली. तिनं कोट सारले. अध्यक्ष घाईघाईनं आत घुसले.

पाणी सोडल्याचा आवाज आला. अण्णा सुनेकडे बघून हसले. "आता भोगलंय त्यानं. आता नाही काही करायचा तो," ते कुजबुजले. "शेवटी माणूसच आहे की."

अध्यक्ष बाहेर आले ते मोकळ्या चेहऱ्यानं. "सुटलो बुवा!" म्हणाले. अण्णांच्याच टॉवेलला हात पुसले. पाणी मागितलं, तांब्याभर प्यायले. मग स्टुलावर ऐसपैस बसून त्यांनी फाइल उघडली.

"कपाटाची रुंदी किती हो, अण्णा?"

अण्णांनी सांगितली. उंचीही सांगितली. पाइप कुठून नेलाय, तेही कौतुकानं सांगितलं. सून डोळ्यांनी खुणावत होती, पण घरी आलेल्या माणसाशी बोलताना अण्णांना भान राहत नसे.

अध्यक्षांनी सगळं लिहून घेतलं आणि तो कागद फाइलीतून फाडून सुनेपुढं धरला. "मिळाल्याची सही करा. सात दिवसांत काढून टाका, नाहीतर आमची माणसं येऊन तोडतील. माझा नाइलाज आहे, नियम सगळ्यांना सारखे."

तिनं कागद वाचला. तिसरा मजला, कपाटामागे, विनापरवाना संडास. खाली मापं होती, अगदी अण्णांनी सांगितली तशी. आणि शेवटच्या रकान्यात, सुबक अक्षरात, लिहिलं होतं:

पुरावा — अध्यक्षांनी स्वतः वापरून खात्री केली.