खाडीतली काठी

"तुझी काठी काय सांगता गो?" शिंपल्यांची टोपली उचलत सासूनं टोमणा मारला आणि नातवाला काखेत घेतलं.

"आई, नेहमीच्या वाटेनं नको. तिथं गाळ साचलाय."

"कॉलेजात खाडी शिकवतत? माझ्या पायांक वाट पाठ आसा."

गॅस टर्मिनलचा बांध समुद्रात शिरल्यापासून खाडीतलं पाणी वेगळंच फिरत होतं. साचणारा गाळ काठीनं मोजायचं काम कंपनीनं सुनेला दिलं होतं. तिचे आकडे बघून साहेब म्हणत, "किरकोळ आहे."

सासू त्याच वाटेनं गेली. राहवेना तशी सून काठी घेऊन मागोमाग निघाली. ओहोटीच्या खाडीत मधोमध सासू मांडीपर्यंत रुतली होती. धडपडली तशी कमरेपर्यंत गेली. बाळ मात्र तिनं डोक्यावर धरलं होतं. सुनेनं घट्ट वाळूवरून वाकून ते छातीशी ओढलं, सासूला ओढून पाहिलं, ती हलेना; मग वाडीकडे हाका मारल्या. हाका बांधावरच्या यंत्रांच्या घरघरीत विरल्या. भरतीचं पाणी चढू लागलं.

"सांग गो," सासू हळूच म्हणाली, "तुझी काठी काय सांगता?"

तिनं शेजारी काठी खुपसली. ती मुठीपर्यंत गेली, तरी तळ लागला नाही.

"खडक लागला, आई."