नारळाचं दूध

जुलियाना दोह्यातल्या घरी लेकीशी जन्मभर मराठीतच बोलत आली. रिबेकाला समजायचं सगळं, पण उत्तर यायचं इंग्रजीत, अगदी "जेवलीस का?" यालासुद्धा. पोरगी केनियाच्या किनाऱ्यावरच्या गावात शाळेत शिकवायला स्वयंसेविका म्हणून गेली, तेव्हा जुलियाना नवऱ्याला, बेनीला म्हणाली, "खलास! आता उरलंसुरलंही विसरणार."

महिन्याभराने फोन आला.

"मम्मी, कशी आहेस? मी मजेत आहे. पोरं खूप गोड आहेत. समुद्र अगदी दाराशी आहे."

अख्खी वाक्यं, आणि सगळी मराठीत! जुलियानाचे डोळे भरून आले. बेनीनेही ऐकावं म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला.

"एवढी घरची आठवण येते होय गं, बाळा?"

"तसं नाही गं. मी जिच्याकडे राहते ना, ती सलमाआंटी शेजारीच बसलीये. खूप प्रेमाने वाढते. पण राजम्यात नारळाचं दूध, माशात नारळाचं दूध, भातातसुद्धा नारळाचं दूध! दारातच नारळाचं झाड आहे ना तिच्या. आता फक्त चहात घालायचं राहिलंय. आणि तिला इंग्रजी छान समजतं. मग मी तक्रार करू कशी?"

बेनी कळवळला. "थांब, उद्याच आपला घरचा तिखट बाटली मसाला पाठवतो."

जुलियानाने त्याला असा चिमटा काढला की तो गप्पच झाला.

शुक्रवारी चर्चमध्ये मिस्सानंतर तिने सलमाआंटीच्या नावाने एक मेणबत्ती लावली. आणि दुसरी, तिच्या दारातल्या नारळाच्या झाडासाठी.