लाल खुंट्या

“आता आवर, मलर,” पथकप्रमुख अण्णा धोक्याच्या लाल खुंट्यांची मोळी तिच्यापुढे ठेवत म्हणाले. “परदेशी निधी थांबलाय. आजपासून काम बंद.”

मलर गुडघ्यांवरच होती. युद्ध संपलं तरी श्रीलंकेच्या उत्तरेतलं तिचं गाव सुरुंगांमुळे बंदच होतं. माती बोट-बोट खरवडत ती स्वतःच्याच घराकडे सरकत आली होती आणि काल तिची अरुंद वाट पायरीला टेकली होती.

“पण ही वाट साफ झालीय, अण्णा.”

“फेरतपासणी कुठे झालीय? ती करणारे आता यायचे नाहीत. तपासली नाही ती जमीन सुरुंगाचीच. नव्या मुलींना हे तूच शिकवतेस ना?”

शिकवत होती. तिच्याच पथकातल्या परिमळाने अशाच एका न तपासलेल्या वाटेवर पाय गमावला होता.

आणि मलरची आई, अम्मा, तर सकाळीच, कुणाला न विचारता, या वाटेने जाऊन पायरीवर बसली होती.

“अम्मा, बाहेर ये,” मलरने हाक मारली.

“का गं? वाट तूच साफ केलीस ना?”

“केली.”

“मग मला कसली भीती?” अम्मा पदराने पायरी पुसू लागली.

परिमळाच्या वाटेबद्दलही कुणीतरी असंच ठामपणे ‘केली’ म्हटलं होतं. मलरने मोळी काखेत मारली आणि ती अम्माला आणायला निघाली. परतताना अम्मा मलरच्या पावलांच्या ठशांवरून पुढे चालणार होती आणि मागून मलर, घराकडे तोंड करून, एकेक खुंटी रोवत येणार होती.