कुलपाआडचा कुत्रा

आमच्या गेममध्ये एक मुलगी हरवलेल्या कुत्र्याला शोधत डोंगर, भुयारं तुडवत शेवटच्या दारापर्यंत पोचते. गेम बाजारात जाण्याच्या तोंडावर साहेबांनी त्या दाराला कुलूप ठोकायला लावलं. "खेळणाऱ्याला कुत्रा हवा असेल, तर त्याने वेगळे पैसे मोजायचे!" माझं काम गेममधल्या चुका शोधून नोंदवण्याचं. कुलूप तपासताना मी सहज शीळ घालायचं बटण दाबलं, तर कुत्रा बंद दारातून आरपार आला आणि मुलीला चाटत सुटला. मी ते नोंदवलंच नाही. आज सगळ्यांना गेम दाखवताना साहेबांनीच ते बटण दाबलं. कुत्रा शेपूट हलवत हजर! साहेब माझ्यावर भडकले. "ही चूक का नाही नोंदवलीस?" "शीळ ऐकून कुत्रा आला, यात चूक कसली?" "मुकाट्याने दुरुस्त करून घे!" "कुत्र्याला काय शिकवायचं, साहेब? आधी पावती बघ, मग शेपूट हलव?"