सात झुंबरं

“अक्का, अखंड सागवान हं!” हणमंतानं दिवाणखान्याच्या खांबावर थाप मारली. जणू तो त्यानंच उभा केला होता.

कुसुमाक्कांनी खांब वरपासून खालपर्यंत पाहिला. वेली, द्राक्षं, पोपट आणि दर वितीला एक सिंह. कोरणाऱ्याला कुणीतरी ‘पुरे’ म्हणायला हवं होतं, असं त्यांना वाटलं. हुबळीच्या बाजारात त्यांनी तीस वर्षं भांड्यांचं दुकान चालवलं होतं. ज्या डब्यावर नक्षी फार, त्याचा पत्रा त्या आधी बोटानं दाबून बघत.

हणमंताची मुलगी, त्यांची भाची दीपाली हिला इनामदारांच्या धाकट्या मुलाचं स्थळ आलं होतं. म्हणून बहीणभाऊ आज रायापूरच्या पुढचा हा महाल बघायला आले होते. दीपाली घरीच होती, देशपांडे नगरात. जिला जन्म काढायचा तिला सोडून बाकी सगळ्यांनी घर बघायचं, ही रीत. आणि घर पसंत असलं तर थोरल्या बाईनं तिथलं गोड तोंडात घालायचं, नसलं तर नुसतं पाणी पिऊन उठायचं, हीही रीतच. येताना गाडीत हणमंतानं तीनदा सांगितलं होतं, “पेढा खायचा हं, अक्का. मागं-पुढं बघत बसू नकोस.”

“बर्री, बर्री, या, इकडं बघा,” मुलाची आई सुलभाबाई पुढे झाल्या. भिंतीवर दोन पुरुष उंचीचे बिलोरी आरसे होते. खाली काचेच्या डोळ्यांचा बिबट्या होता. त्याचा एक डोळा गळाला होता आणि मिशा उंदरांनी नेल्या होत्या. छतावर गुबगुबीत विलायती पऱ्या, अंगावर धड चिंधीही नाही. ह्यांच्याच खाली बसून दर श्रावणात सत्यनारायण होतो, हे सुलभाबाईंनी मोठ्या अभिमानानं सांगितलं. कुसुमाक्कांनी पदरानं तोंड पुसल्यासारखं करून हसू झाकलं.

सोनेरी पायांच्या खुर्च्यांना दोरी बांधली होती. रविवारी तिकीट काढून लोक बघायला येत, ते बसू नयेत म्हणून.

“मग तुम्ही कुठं बसता?” कुसुमाक्कांनी विचारलं.

“आम्ही होय? आम्ही स्वयंपाकघरात.”

हणमंत मात्र मान वर करून झुंबरं मोजत होता. “सात! अक्का, सात झुंबरं!” मिठाईच्या दुकानापुढं उभ्या राहिलेल्या पोरासारखा त्याचा चेहरा झाला होता. साठीला आलेल्या आपल्या भावाची कुसुमाक्कांना मनापासून लाज वाटली.

“इतकी झुंबरं पुसतं कोण?” त्यांनी विचारलं.

सुलभाबाईंना हा प्रश्न फार आवडला. “नोकरांच्या हातात देत नाही आम्ही! एक लोलक फुटला तर तसला आता कुठं मिळायचा? घरच्या सुनेनंच पुसायची. माझ्या सासूबाईंनी पुसली, मी पुसली, आता आमची मनीषा पुसते. शिडीवर चढायचं, एकेक लोलक काढायचा, लिंबाच्या पाण्यात धुवायचा, परत अडकवायचा. सातवं होईपर्यंत पहिल्यावर धूळ बसलेली असते!” आणि त्या खळखळून हसल्या.

“संस्कार लागतात हो याला,” हणमंत म्हणाला. स्वतःचं जेवलेलं ताट त्यानं आजवर उचललं नव्हतं.

तेवढ्यात थोरली सून मनीषा चांदीच्या तबकात पेढे आणि पाण्याचा पेला घेऊन आली. तिशीची असेल. उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्ट्या होत्या.

“काय शिकलीस गं?” कुसुमाक्कांनी विचारलं.

“एम. एस्सी.,” तिच्याऐवजी सासूच म्हणाली. “केमिस्ट्री. पाण्यात लिंबू किती पिळायचं ते बरोब्बर कळतं तिला.”

कुसुमाक्कांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. असली घरं उन्हात वाळत घालायला हवीत, पऱ्यांसकट.

“तगोरी अक्का, घ्या, तोंड गोड करा,” सुलभाबाई म्हणाल्या.

हणमंत डोळ्यांनी विनवत होता. कुसुमाक्कांनी पेढ्यांवरून हात पुढे नेला, पेला उचलला आणि त्या सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत पाणी प्यायल्या. रिकामा पेला तबकात ठेवला. “निघतो आम्ही.”

सुलभाबाईंचं हसू मावळलं. ह्या मुलखात राहून तेवढं त्यांनाही कळत होतं. हणमंत तरातरा गाडीकडे गेला. कुसुमाक्का मात्र ताठ मानेनं ओसरीवर आल्या. खूप दिवसांनी एक काम चोख केल्यासारखं त्यांना वाटत होतं. दीपाली वाचली.

त्या चप्पल घालत होत्या तेव्हा मागून मनीषा आली. तबक अजून तिच्या हातात होतं. तिनं एकदा आत पाहिलं.

“अक्का, परत विचार करा की,” ती हळू आवाजात म्हणाली. “तिला वर चढू द्यायची नाही मी. सातही मीच पुसीन. तिनं फक्त खाली उभं राहून शिडी धरायची. आठ वर्षं झाली, धरायला कुणी नाही.”

कुसुमाक्कांचा एक पाय चपलेत होता. दुसरी चप्पल समोरच पडली होती, पण ती त्यांना दिसेना.